टाकीतला समुद्र

सातपूरला, शेड नंबर तीनमध्ये,
आमचा समुद्र आहे.
चार मीटर लांब, दीड मीटर खोल,
एका कोपऱ्याला गंज चढलेला.
पाणी गंगापूर धरणाचं
आणि हजार लिटरला पस्तीस किलो मीठ.
मीच मोजते.
खैरनार साहेब म्हणतात, नीट ढवळा,
मीठ तळाला बसलं की रीडिंग खोटं येतं.

आमची गंगा पश्चिमेला बघतच नाही.
घाट उतरला की समुद्र,
तरी ही पाठ फिरवून
राजमहेंद्रीपर्यंत चालत जाते.
तिच्यातलं एवढंच पाणी मी अडवलंय,
खारवलंय,
आणि त्यात केबलचा सांधा बुडवून
अट्ठेचाळीस तास जागते.

सांधा मन्सूर पिंजारीच्या हातचा.
तांबं, काळं आवरण, शिसं,
वर डांबरात भिजलेला ताग, पोलादी तारांचा पीळ.
आजा कापूस पिंजायचा,
म्हणून बोटं हलकी, असं तो सांगतो.
धुळीचा एक कण आत राहू दे,
समुद्र नेमका तोच हुडकतो.

सातवा सांधा मी नापास केला होता.
मन्सूरने नवा केला.
चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

मग केबल खाडीत गेली.
पलीकडे नऊ गावं,
बर्फाचा कारखाना, दवाखाना,
आणि रात्री दहाला बंद होणारं जनरेटर.
बार्जवरून मन्सूरचा फोन आला,
नुसता वारा ऐकू आला.
शेवटी एवढंच: "लागली."

दोन वर्षांनी कुठल्याशा ट्रॉलरचा नांगर अडकला.
मन्सूर पंधरा दिवस तिकडेच.
परत आला तो काळा होऊन,
डब्याच्या पिशवीत, पेपरात गुंडाळलेला,
केबलचा वीतभर तुकडा घेऊन.
"सातवा शाबूत आहे," म्हणाला.
"नांगर दोन हात अलीकडे लागला."
आणि चहा प्यायला निघून गेला.

तुकड्यावर पांढरं काहीतरी चिकटलेलं,
पडक्या दातांसारखं.
कालवं म्हणतात म्हणे.
कोणी बघत नव्हतं.
मी जीभ लावली.

खारट तर होतंच.
पण मागून कडवट काहीतरी आलं,
थोडं माशाचं, थोडं लोखंडाचं,
जे माझ्या काट्यावर कधी चढलं नव्हतं.

दुपारी टाकी भरायची होती.
पस्तीस किलो मोजलं.
पोतं बांधायचं सोडून
जरा वेळ तशीच उभी राहिले.