एकास बारा

आधी मोबाइलवर बघितलं.
तयार संच, चोवीसशे रुपये,
त्यात जिना, त्यात सज्जा,
त्यात शेकोटीसाठी भिंतीत केलेली कमान.
मे महिन्यात, दुपारी दोनला, कूलरसमोर बसून
ती कमान मी बराच वेळ बघत राहिले.
जालन्यात कोण शेकणार तिथं?

मग पुठ्ठ्याचं बघितलं. ते दारोगानं निकालात काढलं,
नमुन्याचा तुकडा रात्रीतून चावून भुसा.
दारोगा म्हणजे पिवळा बोका, डावा कान अर्धा.
दुसरी मिशरी, काळी.
तिला कुणाचंच काही पटत नाही.

शेवटी मोंढ्यातून मोसंबीची दोन खोकी आणली.
फळ्यांना अजून वास.
खलीलमिस्त्री करवत थांबवून म्हणाला, माप काय धरता?
एकास बारा. फुटाला इंच.
तो स्वतःकडे खाली बघत म्हणाला,
मग मी साडेपाच इंच झालो की बाई.

दुमजली करायचं होतं.
मिशरीनं वरच्या मजल्यात डोकं घातलं, मग खांदे,
मग बाकीची सगळी.
मजला गेला.
आता आमच्यासारखंच, दोन खोल्या, वर पत्रे.
तेलाच्या डब्याचा पत्रा पेन्सिलीवर दाबून नागमोडी केला,
वर चार खडे ठेवले.
मशीनच्या टेबलावर कुठलं आलंय वारं,
पण पत्रा म्हटला की खडे आलेच.

देविदास सळईच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
दिवसा झोपतो, भिंतीकडे तोंड करून.
म्हणून त्या घरात एकही खिळा नाही.
फेविकॉल, दोरा, आणि वाळेपर्यंत धरून बसणं.
पॉलिशपेपर त्याच्या घोरण्यावर घासला,
तो थांबला की मी थांबायची.

गयाबाई उंबऱ्यातूनच, कुणासाठी करायलीस गं?
मांजरांसाठी, म्हणाले.
ते त्यांना पटलं.
चाळिशीतल्या बाईला स्वतःलाच पाहिजे असतं
हे सांगितलं असतं तर
आत येऊन बसल्या असत्या, चहा ठेवावा लागला असता.

काड्यापेटीचा पलंग. चिंध्यांची वाकळ,
गयाबाईंच्याच ब्लाउजातून उरलेल्या.
बटणाचं ताट. बामच्या डबीचा ड्रम.
बाहुली नाही.
बाहुली आणली की तिला स्वयंपाक आला,
त्याची पाळी आली, डबा आला.
राहू दे रिकामं.
रिकामं घर मी पहिल्यांदाच बघतेय,
बघून बघून डोळे निवत नाहीत.

ब्लाउज शिवायचा असला की घर उचलून खाली ठेवायचं,
खाली ठेवलं की दारोगा दाराशी बसतो,
दारापेक्षा चौपट मोठा,
भाडं वसूल करायला आल्यासारखा.

शनिवारी देविदास पाळीवरून आला,
हात न धुता वाकला, आत बघितलं,
काही न बोलता झोपला.
सोमवारी ओट्यावर एक नट होता.
सहा कोनी, काळा, ऑइल पुसलेला.
गॅस नव्हता तुझ्या घरात, म्हणाला,
आणि कूस बदलली.

आमच्या गल्लीत नळ बाराव्या दिवशी येतो.
परवा काज करता करता हिशोब सुचला,
एकास बारा,
म्हणजे तिथं रोज येत असणार.
सुई तशीच हातात राहिली.

आज बारावा दिवस. साडेतीनलाच
गल्लीभर घागरींचा आवाज.
ड्रम भरला, हंडे, कळशी, दोन बादल्या,
कुकर, पातेली, कूलरसुद्धा,
आणि सगळ्यात शेवटी बामच्या डबीत चार थेंब.
नळाला चिंधी बांधून परत आले तर
पत्रा तिरका, एक खडा जमिनीवर,
डबी कोरडी,
आणि मिशरी जिभेनं मिशा पुसतेय.

पिऊ दे.
तिथं उद्या येतंय परत.