नऊ गुंजा

चौदा कॉम्प्युटर होते.
कादराबादेत, जिन्यावरच्या खोलीत,
सतरा वर्षं त्यांच्या पंख्यांची घरघर
मला माझ्या श्वासासारखी ऐकू यायची, म्हणजे
ऐकूच यायची नाही.

क्लास बंद केला तेव्हा भंगारवाले किलोवर मागत होते.
चांदपाशा वजनकाटा न घेताच आला.
त्यानं एकेकाचं पोट उघडून आत पाहिलं,
वैद्य जीभ बघतो तसं,
आणि म्हणाला, जुन्यात जास्त असतं.
काय?
सोनं, मॅडम.

तो झारेकरी.
त्याचा बाप सराफ्यातला गाळ विकत घ्यायचा,
पायरीखालची धूळ, मुशीची राख,
कारागिरानं हात धुतलेलं पाणीसुद्धा,
आणि घमेलं फिरवत फिरवत
मातीकडून कबुली घ्यायचा.
आता सराफ्यात चकचकीत फरशा बसल्या.
कारागीर आपली धूळ आपणच गोळा करून ठेवतात.
म्हणून चांदपाशा दुसऱ्या धुळीकडे वळला.

मी बघायला गेले. का गेले, सांगता येणार नाही.
पत्र्याची शेड, औद्योगिक वसाहतीच्या अलीकडे,
जिथं सळयांच्या कारखान्याचा धूर रात्री लाल दिसतो.
त्यानं कार्डांच्या पिवळ्या कडा कात्रीनं कापल्या,
नखं काढतात तशा.
प्लास्टिकच्या टबात तेजाब.
तांब्यानं आधी जीव सोडला, हिरवा होऊन,
आणि त्याच्यावर जे तांब्याचं नव्हतं ते तरंगलं,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
तो टबाची कड धरून हळूहळू हलवत होता.
जालना सोने का पालना, म्हणायची जुनी माणसं.
मला आठवलं. मी बोलले नाही.

तो बोलत राहिला.
बापाच्या सोन्याला वास यायचा म्हणे,
कुणाच्या हळदीचा, कुणाच्या गहाणाचा.
हे कोरं. हे कुणाच्या गळ्यात गेलंच नाही.
बरं, हा वासाचं बोलणारा माणूस
सहा वर्षं झाली, काहीच हुंगू शकत नाही.
वरण करपलं तर हमीदाबी सांगते,
तेव्हा त्याला कळतं.

कोरं कसं?
सात नंबरच्या मशीनवर गंगासागर डोईफोडे बसायची,
कळ दाबायच्या आधी दर वेळी
बोट पदराला पुसायची.
मी म्हणायची, अगं, काही होत नाही.
तरी पुसायची.
अकरा नंबरवर अंकुश. त्यानं एका दुपारी
चार पानं नुसतं स्वतःचं नाव टाईप केलं,
मग आलाच नाही. फी राहिली त्याची, ती सोडा,
पण ती चार पानं मी पुसली नव्हती.
कुठल्या पापुद्र्यात गेली असतील?
(जात नाहीत तिथं. मी शिकवलंय हे,
मला ठाऊक आहे ती कुठं असतात.)

फडक्यातून गाळलं. मुशीत घातलं, टाकणखाराची चिमूट.
ज्वाला निळी झाली, मग तिनं आपला रंग सोडला.
एक थेंब, थरथरला, थांबला.

बापाचा छोटा काटा त्यानं डब्यातून काढला,
एका पारड्यात लाल गुंजा टाकत गेला.
सात. आठ. नऊ.
काटा जरा विचारात पडला
आणि सरळ उभा राहिला.
सतरा वर्षं, चौदा मशीन,
तुरीच्या दाण्याएवढं.

घ्या की हातात, तो म्हणाला.
पैसे तर त्यानं आधीच दिले होते.
मी हात पुढे केला
आणि माझ्याही नकळत
आधी बोटं पदराला पुसली.

निघताना शेडच्या मागं पाहिलं.
कडुनिंबाखाली अकरा कॅन, झाकणं घट्ट,
आत ते हिरवं पाणी.
झाडाची त्या बाजूची पानं
ऋतू नसताना पिवळी.
याचं काय करता?

ठेवलंय, तो म्हणाला.
लोक म्हणतात, कुंडलिका आहेच की.
मला नाही होत ते.
सोनं संध्याकाळपर्यंत विकलं जाईल, मॅडम.
हे कुणीच घेत नाही.