पन्नास पेन्सचा चेंडू

दर सप्टेंबरात आम्ही निघतो, टॉर्क्विल आणि मी.
त्याची ती जुनी निळी गाडी, मागच्या सीटवर दोन बॅगा
एकमेकींच्या अंगावर रेलून झोपलेल्या.
डंडी सोडताना उजाडलेलं नसतं.
ओबानच्या धक्क्यावर फेरीची वाट बघत
थर्मासमधला चहा, आणि त्याचं ठरलेलं वाक्य:
यंदाही दहा पौंडांची पैज.

किती मैदानं पालथी घातली.
एक होतं, जिथं रूळ ओलांडून बाराव्या होलला जायचं
आणि गाडीतला गार्ड हात करायचा.
एक, जिथं खडकावरचे सील आपल्याकडे असे बघायचे
की जणू तिकीट काढून बसलेत.
स्कोअर विचारू नका. स्कोअर राहत नाही.
राहतो एखादाच फटका,
सात नंबरच्या आयर्नचा, वाऱ्याच्या पोटात शिरलेला,
हातांना कळायच्या आत गेलेला.
त्या एका फटक्यावर माणूस वर्ष काढतो.
बाकी सगळं वाळू उपसणं.

पण हे बेट वेगळं.
नऊच होल. क्लबहाऊस म्हणजे पत्र्याची शेड,
दारात डबा: पैसे टाका, वहीत नाव लिहा.
ग्रीनभोवती तार, गाईंनी आत येऊ नये म्हणून.
सगळ्याच गाईंना ते पटलेलं नाही.
जमीन अशी, की समुद्रानं घाईघाईत अंथरली
आणि सुरकुत्या काढायला तो परत आलाच नाही.

अकरा वर्षांपूर्वी इथंच, सहाव्या होलला,
टॉर्क्विलचा चेंडू उजवीकडच्या उंच गवतात गेला.
मी ढोपरभर काट्यांत शोधत होतो.
"सापडला!" तो ओरडला.
सापडलाही कसा, ऐसपैस उघड्यावर,
पाटावर बसवल्यासारखा.
एका फटक्यानं जिंकला. चर्चचा खजिनदार माणूस.
मी दहा पौंड मोजून दिले
आणि मनात एक कुसळ ठेवून घेतलं.

आज आठव्यानंतर ओइरिकच्या कुंपणाशी थांबलो.
अंडी, मातीसकट बटाटे, आणि एक बादली:
हरवलेले चेंडू, नग पन्नास पेन्स.
मेंढ्यांमागं फिरताना सापडतात तिला.
"पीकच आहे," ती म्हणाली, "पेरायला तुम्ही येताच."
टॉर्क्विल अंडी उजेडात धरून बघत होता.
मी बादलीत हात घातला.
वर आला तो पिवळा पडलेला,
सशानं की कावळ्यानं कुरतडलेला,
पण हिरव्या शाईचे दोन ठिपके, मधोमध आडवी रेघ.
अख्ख्या स्कॉटलंडात ही खूण एकच माणूस करतो,
हिशेबाच्या वहीवरच्या पेनानं.

पन्नास पेन्स दिले. बोललो नाही.

नवव्याच्या टीवर मी तोच ठेवला.
मेलेला चेंडू, फटका बसताच लाकडासारखा वाजला,
तरी गेला बापडा, घरी निघाल्यासारखा सरळ.
पाचव्या फटक्याला आत.
भोकातून चेंडू काढून द्यायचं काम टॉर्क्विलचं,
माझे गुडघे वाईट.
तो वाकला. जरा जास्तच वेळ वाकलेला राहिला.
अंगठा ठिपक्यांवरून फिरवला, एकदा, दोनदा.
मग माझ्या तळहातावर ठेवला,
मघाचं अंडं ठेवावं तसा.
"वारा वाढलाय," म्हणाला.
वारा केव्हाच पडला होता.

धक्क्यावरच्या टपरीत त्यानं सूप मागवलं,
दोन वाट्या, आणि लोणी लावलेला पाव,
आणि पाकीट काढलं. स्वतःचं.
बाई म्हणाली, सुटे नसले तरी चालेल.
त्यानं सुटे दिले, नाणं नाणं लावून, पुरते.

फेरी सुटली. शेडचं पत्र्याचं छप्पर
बराच वेळ चकाकत राहिलं, मग ते कुठलं
आणि लाट कुठली, कळेना.
"पुढच्या वर्षी कुठं?" मी विचारलं.
"इथंच," तो पाण्याकडे बघत म्हणाला.
"सहावा मला परत खेळायचाय."

खिशातला चेंडू हाताच्या उबेनं कोमट झाला होता.
पैजेचं मात्र
दोघांपैकी कुणीच काढलं नाही.