चौदा दिवसांची रेघ

कीलुंग बंदराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
ब्रोकरचं जुनं दालन. सतरा खुर्च्या,
कुरकुरणारा एक पंखा, दाराशी छत्र्यांची बादली.
तैवानात लाल म्हणजे चढ, हिरवा म्हणजे उतार.
परका माणूस पहिल्या दिवशी
इथल्या हसण्याचा अर्थ उलटा लावतो.

आ-ग्योक तिसऱ्या रांगेत बसते.
चौतीस वर्षं वॉर्डात परिचारिका होती,
म्हणून पडद्याच्या तळाशी सरपटणारी ही रेघ
तिला पटकन कळली:
सत्तरच्या वर गेली की ताप,
तिसाच्या खाली आली की अंग गार.
"एवढंच ना," ती म्हणाली,
आणि रेघ बहात्तरवर पोचली त्या दुपारी
जहाज कंपनीचे सगळे शेअर विकून मोकळी झाली.

रेघ तिथेच राहिली.
सात आठवडे.
शेअर दुप्पट झाला.
अति तिथं माती, हे खरंच असेल;
पण अति किती दिवस टिकतं
याचा आकडा म्हणीत कुठे सापडत नाही.

मग कापडगिरणी. रेघ अठ्ठावीस.
गार पडलेलं अंग उबेला येतंच, असं धरून
तिनं लेकीच्या नावची ठेव मोडली.
एकवीस.
चौदा.
तळ म्हणून जिथं पाय टेकला
ती जिन्याची पायरी निघाली,
आणि जिना खाली जातच होता.

शेजारच्या खुर्चीतले श्युंग तेव्हा
तोंडातली सुपारी गालात सारून म्हणाले,
"मी क्रेन चालवायचो.
काटा फक्त ताण दाखवतो, बाई.
दोर तुटणार का, हे त्याला ठाऊक नसतं.
बोटीतून काय उचलतोय
ते खाली वाकून बघावं लागतं."
वाकून बघता बघता त्यांची पाठ कायमची गेली होती,
हे त्यांनी सांगितलं नाही. दिसतच होतं.

आज त्यांची खुर्ची अकराव्या दिवशीही रिकामी.
रेघेचा हिशेब चौदा दिवसांचा,
त्यामागचं तिला पुसट दिसत जातं.
आ-ग्योकला तसं जमत नाही.

दीड वाजता बाजार मिटला.
तिच्या नव्या शेअरची रेघ चौऱ्याहत्तर.
तिनं विकला नाही. घेतलाही नाही.
छत्री उचलली, एकशे तीन नंबरची बस पकडली.

खाटेच्या पायथ्याशी तक्ता लटकत होता:
एकोणचाळीस, साडेअडतीस, पुन्हा एकोणचाळीस.
जुन्या सवयीनं हात तिकडे गेला,
अर्ध्यातून परत आला.
"घास जातोय का?" तिनं विचारलं.
"पेज जाते," ते म्हणाले. "रात्री झोप नाही."
मग डोळे किलकिले करून,
"रेघ कुठाय?"

"चौऱ्याहत्तर."

"मग?"

"तिला अजून विचारलं नाही," ती म्हणाली,
खुर्ची जवळ ओढत,
"नक्की काय होतंय म्हणून."