तिसरं प्रूफ

सकाळी पावणेसातला रामबागेत
कचऱ्याची गाडी गात येते.
ओला, सुका, शिवाय आता आणखी चार कप्पे.
मी पायरीवर बादली घेऊन उभी,
पुण्याहून आलेलं पार्सल काखेत तसंच.
शहर स्वच्छ आहे. उपहासानं म्हणत नाही,
मला आवडतं ते.
सराफ्यात रात्री बाराला गराडू खाऊन परतताना
चप्पल कशात पडेल याची भीती नाही वाटत.

पार्सलमध्ये किशोरांसाठी कादंबरी.
लेखिका इथलीच, शाल्मली झोकरकर, वय चोवीस.
प्रकाशक सदाशिव पेठेतला.
कादंबरीतल्या शहराचं नाव सुकृतपूर.
तिथं कुणी भांडत नाही, दूध उतू जात नाही,
सगळ्यांचं अक्षर एकसारखं,
दारांना कड्या नाहीत, कारण कशाला हव्यात.
जो वाकडं बोलतो त्याला
दिवेलागणीला समभवनात नेतात.
तीन दिवसांनी तो परत येतो,
आवाज अगदी गोड झालेला.

पान एकशे बारा.
दुर्वाचा भाऊ निहार परत आलाय.
आई मुद्दाम पोळी करपवते. एक. मग दुसरी.
तो दोन्ही खातो.
दोन्ही वेळा धन्यवाद म्हणतो.
आई तवा उतरवायचं विसरते.
इथे ‘धन्यवाद’मधला एक काना सुटला होता.
मी तो घातला,
आणि मग चष्मा पुसायला उठले.

एकतीस वर्षं मी हेच करते.
ऱ्हस्व दीर्घ, दीर्घ ऱ्हस्व,
‘पानी’चं पाणी, ‘अपन’चं आपण.
बाबा कापडगिरणीत, घरात अर्धी हिंदी,
पोह्यांवर जीरावन
आणि क्रियापदांवर माळव्याची धूळ.
नणंदेच्या लग्नात, पुण्याला,
वाढपी म्हणाला, जिलबी वाढू?
मी म्हटलं, थांबा, मी अजून जेवून राहिली आहे.
पंगतीतल्या बायका इतक्या हसल्या
की एकीला ठसका लागला, तिला पाणी मीच दिलं.
कुणी वाईट नव्हतं त्यात.
त्या रात्री परतीच्या गाडीत मी मनाशी
चालू वर्तमानकाळ घोकत बसले होते.
मी जेवत आहे. मी जात आहे. मी येत आहे.
देवासपर्यंत.

तेव्हापासून माझ्या हातून एक वाक्य सुटलं नाही.
संपादक म्हणतात, ताई इंदूरच्या वाटतच नाहीत.
हे मी इतकी वर्षं
बक्षिसासारखं कपाटात ठेवलं होतं.

शेवटचं पान.
दुर्वा भिंतीवर चढलीय, गुडघा फुटलाय,
पलीकडे अंधार, अंधारात कुणीतरी विचारतं, कोण?
आणि ही पोरगी, जिला सुकृतपुरात
पहिलीपासून शुद्ध बोलायला शिकवलंय,
जिच्या तोंडी दोनशे पानं एकही शब्द वाकडा नाही,
ओरडून सांगते:
थांबा! मी येऊन राहिली आहे!

लाल पेन आपोआप खाली आलं.
सवय. ‘येऊन राहिली’वर आडवी रेघ
ओढूनही झाली.
बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी.
शाल्मलीला मी एकदाच भेटलेय,
ग्रंथालयाच्या जिन्यात, नखं खात होती.
तिनं हे विसरून लिहिलं की ठरवून
ते विचारायचा माझा अधिकार नाही.

रेघेखाली मी टिंबं दिली, एकेक,
समासात लिहिलं: असू द्यावे.
माझंच अक्षर, पण जरा तिरकं आलं.

शुक्रवारी सदाशिव पेठेतून फोन.
ताई, शेवटच्या पानावर एक राहून गेलंय.
हो, म्हटलं,
राहून राहिलंय.

पलीकडे कुणी हसलं नाही.
किंवा लाइन कटली असेल.