पाठमोरा

राजमल्लू येमूलनं बर्फ पाहिला होता
तो फक्त गड्ड्याच्या जत्रेत, गोळेवाल्याकडं.
तरी साखर पेठेतल्या आमच्या स्टुडिओसाठी
त्यानं तीन हिमशिखरं रंगवली,
गिरणीच्या डागी कापडावर, खळीचा हात देऊन.

धुकं कुठनं आणलंस, वडिलांनी विचारलं.
म्हणाला, पहाटे सायकलनं जातो हिप्परग्याच्या तळ्यावर,
माघात मिळतं मूठभर.
बाकीचं कापूसखात्यातलं.
बाप खोकायचा ना, ते.

नवी जोडपी यायची, जावळ काढलेली बाळं,
एकदा एक बँडवाला, क्लॅरोनेटसकट.
सगळे डोंगराकडं पाठ करून उभे.
मी दिवा धरायचे.
तो दारातनं पुटपुटायचा,
वळून बघा की जरा.

एप्रिलात पडदा तडकायचा,
शिखरांचे पोपडे फरशीवर.
मग घसरता चष्मा सावरत
तो पुन्हा थंडी चढवायचा.

दरीच्या कडेला त्यानं काढला होता
नखाएवढा एक माणूस, पाठमोरा.
प्रत्येक फोटोत तो
कुणाच्या ना कुणाच्या खांद्याआड जायचा.

म्हातारपणी आला. पेन्शनसाठी फोटो पाहिजे म्हणाला.
वडिलांनी स्टूल मांडलं, 'इकडं बघा, मल्लूअण्णा.'
त्यानं स्टूलच फिरवलं.

कचेरीनं तो फोटो परत धाडला.
माझ्याकडं आहे.
विरलेली कॉलर, कानामागं वाळलेला निळा रंग,
आणि त्याच्या पुढं, लांब,
तो दुसरा.
अण्णा थोडा डावीकडं सरकून बसलाय,
त्याला दिसावं म्हणून.