गाठ

स्प्रूस निवडताना ट्राउगोट शेंड्याकडे बघायचा नाही,
खाली बघायचा.
शेवाळ किती, उतार कुठल्या दिशेचा,
दुपारी दोनला इथे सावली असते का.
"उन्हातलं झाड घाईनं वाढतं.
घाईचं लाकूड माझ्या पटाशीला नको."

सॅक्सनीचा हा डोंगर. पलीकडे चेक लोकांचं रान.
कथील संपलं तेव्हा खाणीतल्या माणसांनी
कुदळी भिंतीला टेकवल्या आणि कातारी झाले,
असं इथे सगळेच सांगतात.
मी आले पस्तिसाव्या वर्षी, बँकेचा गल्ला सोडून,
त्याची शेवटची शिकाऊ.

पहिल्या आठवड्यात मी पेअरचं लाकूड घेऊन गेले,
महागाचं, तांबूस, लोण्यासारखं कापलं जाणारं.
त्याने हुंगलं. परत दिलं.
"बुद्धिबळाचा वजीर कर ह्याचा.
मेणबत्तीच्या दांडीला बीच. वाडग्याला मेपल.
अल्डर गुंड्यांना, ते रंग छान पितं.
लिंडन कोरणाऱ्यांचं,
लेथवर चढवलं की केस पिंजारून बसतं.
आपल्याला घोडे करायचेत.
घोडे स्प्रूसमध्येच असतात."

असतात म्हणाला. होतात नाही.

ओंडका हिवाळ्यात पाडलेला, मग तळ्यात बुडवून ठेवलेला,
लेथवर चढताना अजून ओला.
फिरायला लागला की तोंडावर पाणी उडतं,
जिभेवर राळ येते.
ट्राउगोट डोळे अर्धे मिटून पटाशी टेकवतो:
ही पाठ. ही मान. आता पोटाखालची पोकळी.
मला घोडा कुठेच दिसत नाही.
दिसतं एक जाड कडं, खाचाखाचांचं,
कुणा राक्षसिणीच्या हातातून निसटल्यासारखं.
मग तो सुरी ठेवतो, वर हातोडी, टक्,
आणि कड्याच्या फाकेत
कान टवकारून एक घोडा उभा.
पुन्हा टक्. दुसरा.

यंदा सालीतल्या किड्याने उत्तरेचा उतार खाल्ला.
जूनमध्येच झाडं विटकरी झाली.
ट्राउगोटचं खुब्याचं ऑपरेशन, तो पलंगावर,
आणि थंडी पडल्यावर मी एकटी रानात.
वनखात्याच्या त्शोखे बाई नंबर मारत पुढे,
मी मागे, प्रत्येक खोडाला कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकत.
हे बोदं वाजलं. हे पिळलेलं.
ह्याच्या फांद्या फार खालपर्यंत, म्हणजे गाठी.
चौथ्या दिवशी ओढ्याकाठी एक सापडलं:
सरळ, सावलीतलं, साल बारीक,
उंचावर पोचेपर्यंत एक फांदी नाही.
ठोकलं. आवाज शेंड्यापर्यंत गेला आणि खाली आला.
"हे," म्हटलं. त्शोखे बाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
नंबर मारला.

पंधरा आठवडे तळ्यात. मग मीच चढवलं, मीच कातलं.
फोडायला त्याच्या पलंगाशी पाट ठेवला.
अठ्ठावीस घोडे स्वच्छ.
एकोणतिसाव्याच्या पोटात
तपकिरी डोळा, गोल, कडक, चमकणारा.
सुरी तिथून सरकून माझ्या अंगठ्याला लागली.
लहानपणीच मोडलेली कुठलीतरी फांदी,
झाडाने वरून लाकूड चढवत नेलेलं,
आणि ऐंशी वर्षांनी आमची गाठ.

वाटलं, आता बोलणी बसणार.
त्याने घोडा घेतला, खिडकीकडे धरला,
तपकिरी डागावरून नख फिरवलं.
"बाकीचे?"
फोडले. एकतीस उरले होते, एकतीसही स्वच्छ.
"मग झाड बरोबर निवडलंस," म्हणाला,
आणि तो एक घोडा सदऱ्याच्या खिशात टाकून
सूप गरम कर म्हणाला.

ड्रेस्डनच्या दुकानाच्या पावतीवर
मी सवयीने साठ लिहिले होते.
खोडलं. एकोणसाठ केलं.
कागदाला अंगठ्याचं थोडं रक्त लागलं,
पण दुसरी पावती फाडली नाही.